हिमोफिलिया आणि शस्त्रक्रिया : टाके घातल्यानंतरचा पंधरवडा

हिमोफिलिया असलेल्या माणसाचं ऑपरेशन ठरलं की घरच्यांना धास्ती वाटते ती ऑपरेशन टेबलावर न थांबणाऱ्या रक्ताची. आजच्या घडीला या भीतीचा रोख थोडा सरकवायला हवा. फॅक्टर, म्हणजे बाहेरून द्यायचा रक्त गोठवणारा घटक, हाताशी असेल आणि सर्जन व रक्ततज्ज्ञ आधी एकमेकांशी बोललेले असतील, तर टेबलावरचे ते एक-दोन तास सहसा इतर कुणाच्याही ऑपरेशनसारखेच पार पडतात. घात होतो तो त्याच्या आधीच्या आठवड्यात किंवा नंतरच्या पंधरवड्यात. आधी रक्तातल्या या घटकाच्या पातळीची, प्रतिद्रव्यांची, औषधसाठ्याची चौकशी राहून जाते. नंतर टाके कोरडे दिसतात, रुग्णाला घरी जायची घाई होते आणि डोस लांबतो. हा मुद्दा पारखून पाहायला संयुक्त अरब अमिरातीइतकं योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. तिथे अद्ययावत रुग्णालयं आहेत, आरोग्य विमा कायद्याने सक्तीचा आहे, महागडी औषधं मागवण्याची ऐपत आहे. पण तिथे राहणारी बहुसंख्य माणसं बाहेरून आलेली आहेत, आणि त्यात मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. त्यांचं निदान एका देशात झालेलं असतं, उपचार दुसऱ्या देशात चालू असतात, जुने रिपोर्ट तिसऱ्याच घरातल्या कपाटात पडून असतात. त्यामुळे दुबई-अबू धाबीत हिमोफिलियाच्या शस्त्रक्रियेत औषधापेक्षा माहिती कमी पडण्याची भीती अधिक आहे, असं मला वाटतं. ते का, हे समजण्यासाठी आधी रक्त गोठतं कसं ते पाहावं लागेल.

रक्तवाहिनी कापली गेली की दोन कामं एकामागोमाग होतात. पहिल्यांदा प्लेटलेट धावून येतात आणि भोकावर एकमेकींना चिकटून थर रचतात. नंतर रक्तातले गोठवणारे घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होऊन तो थर पक्का बांधतात. कोकणातला गडगा चुन्याशिवाय नुसते दगड रचून उभा राहतो, पण लोंढा आला की ढासळतो. फायब्रिनविना प्लेटलेटचा थर तसाच असतो. हिमोफिलियात प्लेटलेट धडधाकट असतात. उणीव असते ती आठव्या किंवा नवव्या घटकाची, म्हणजे दुसऱ्या कामाची. आठवा घटक कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. दहा रुग्णांपैकी आठ-साडेआठ जण ए प्रकारचे असतात. म्हणूनच या आजारात रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही. ते जास्त वेळ वाहतं, आणि पुष्कळदा आधी थांबून काही तासांनी किंवा काही दिवसांनी पुन्हा सुरू होतं. सर्जनने शेवटचा टाका घातला तेव्हा जखम कोरडी होती, ही गोष्ट खरी असूनही पुरेशी नसते. जखम भरून येईपर्यंत फायब्रिन टिकायला हवं, आणि त्यासाठी तेवढे दिवस घटकाची पातळीही टिकायला हवी.

पातळी टिकवणं म्हणजे काय, हे आकड्यांत पाहिलं की अडचण कळते. निरोगी माणसातली पातळी साधारण १०० टक्के धरली, तर तीव्र हिमोफिलियात ती १ टक्क्याहून कमी, मध्यम प्रकारात १ ते ५ टक्के आणि सौम्य प्रकारात ५ ते ४० टक्के असते. आठव्या घटकाचं एक युनिट दर किलो वजनामागे दिलं, तर पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. ७० किलो वजनाच्या तीव्र रुग्णाला गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनआधी १०० टक्क्यांवर न्यायचं तर एका वेळी ३,५०० युनिट लागतात. हे एवढं औषध शिरेतून गेलं तरी आठ ते बारा तासांत त्यातलं निम्मं संपलेलं असतं, म्हणून पुढचा डोस घड्याळ लावून द्यावा लागतो किंवा पंपाने सतत थेंब-थेंब सोडावा लागतो. नववा घटक निम्मा व्हायला अठरा ते चोवीस तास लागतात, पण एका युनिटमागे त्याची पातळी जेमतेम १ टक्का वाढते, त्यामुळे सुरुवातीचा डोस मोठा लागतो. हा हिशेब कागदावर सोपा असला तरी माणसागणिक बदलतो. म्हणून जाणकार मंडळी मोठं ऑपरेशन ठरण्याआधी एक चाचणी डोस देऊन काही तासांच्या अंतराने रक्त तपासतात आणि या विशिष्ट शरीरात औषध किती चढतं व किती टिकतं, ते मोजून घेतात.

जागतिक हिमोफिलिया महासंघाने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती काढली. तिचे प्रमुख लेखक डॉ. आलोक श्रीवास्तव हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घडलेलं नाव. हिमोफिलिया एच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी त्यात दिलेला आराखडा असा आहे : ऑपरेशनआधी पातळी ८० ते १०० टक्के, पहिले तीन दिवस ६० ते ८०, चौथ्या ते सहाव्या दिवशी ४० ते ६०, आणि सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत ३० ते ५०. हा आराखडा नीट वाचला तर शस्त्रक्रियेचा खरा कालावधी दोन तास नसून दोन आठवडे आहे हे उघड होतं. शिवाय गुडघा बदलला की व्यायाम सुरू होतो, सांधा वाकवायला लावला जातो, आणि नव्याने भरत आलेल्या ऊतींवर ताण येतो. फिजिओथेरपीच्या आधी डोस घेतलेला नसेल, तर नवव्या-दहाव्या दिवशी गुडघा पुन्हा रक्ताने भरू शकतो. त्या एका चुकीने जंतुसंसर्गाला वाट मिळते, जखम उसवते, आणि ज्या सांध्यासाठी एवढा खटाटोप केला तो पुन्हा आखडतो. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवताना थिएटर कधी मोकळं आहे एवढंच पाहून चालत नाही. पंधरा दिवसांचं औषध रुग्णालयाच्या फार्मसीत आहे का, लॅब सुट्टीच्या दिवशीही पातळी तपासून देईल का, आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस मिळतो का, हे प्रश्न आधी सुटायला हवेत.

अमिरातीत या सगळ्याची कसोटी लागते ती मात्र पुष्कळदा गुडघ्यापेक्षा फार छोट्या ऑपरेशनवर. मुस्लिम कुटुंबांत मुलाची सुंता लहानपणीच होते, आणि ज्या घरात हिमोफिलिया आहे याचा कुणाला पत्ता नसतो, तिथे तो या जखमेतून पहिल्यांदा उघड होऊ शकतो. ही ओळख प्राचीन आहे. यहुदी धर्मगुरूंनी दुसऱ्या शतकातच असा निवाडा दिला होता, की सुंतेनंतर रक्त जाऊन दोन मुलगे दगावले असतील, तर त्याच आईच्या तिसऱ्या मुलाची सुंता करू नये. इसवी सन १००० च्या सुमारास कॉर्डोबाचे महान अरब शल्यविशारद अबुल कासिम अल-झहरावी यांनी आपल्या वैद्यकीय विश्वकोशात अशा एका गावातल्या पुरुषांची नोंद केली, ज्यांना साधी जखम झाली तरी रक्त थांबत नसे आणि ते मरत. आठवा घटक काय, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी या लोकांनी जे हत्यार वापरलं ते आजही सगळ्यात धारदार आहे : घराण्याचा इतिहास विचारणं. मामाला, आजोबांना, मावशीच्या मुलाला काही झालं होतं का? हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो आईकडून मुलाकडे येतो, म्हणून प्रश्न आईच्या माहेराबद्दल विचारायचा असतो. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात असा इतिहास मुळीच नसतो. दोष त्या पिढीत नव्याने उपजलेला असतो. तेव्हा बाळाच्या टाचेला सुई टोचल्यावर रक्त वाजवीपेक्षा जास्त वेळ आलं, लसीच्या जागी मोठी गाठ आली, तर सुंता पुढे ढकलून आधी तपासणी करणं हाच शहाणपणा. निदान झालेल्या मुलाची सुंताही होऊ शकते. ती रुग्णालयात, फॅक्टर देऊन, फायब्रिन गोंदासारखी मदत घेऊन आणि नंतरचे दिवस मोजून व्हावी, एवढंच.

इथे पहिला आक्षेप येतो : ऑपरेशनआधी सगळ्यांच्याच रक्ताच्या तपासण्या होतात, मग हिमोफिलिया निसटेल कसा? निसटतो, कारण कोणती तपासणी काय पाहते हे आपण विचारत नाही. महाराष्ट्रातल्या छोट्या रुग्णालयांच्या कागदावर वर्षानुवर्षं ‘बीटी-सीटी’ हा जोडशब्द असतो. बीटी, म्हणजे टोचल्यावर रक्त थांबायला लागणारा वेळ, हा प्लेटलेटचं काम मोजतो, आणि हिमोफिलियात तो बहुधा सामान्य येतो. सीटी, म्हणजे नळीतलं रक्त गोठायला लागणारा वेळ, तीव्र रुग्णातच ठळकपणे लांबतो. एपीटीटी ही चाचणी यापेक्षा पुष्कळ चांगली. हिमोफिलियात ती लांबते आणि पीटी नावाची दुसरी चाचणी सामान्य राहते, ही जोडी दिसली की संशय बळावतो. पण सौम्य रुग्णात एपीटीटीही सामान्य येऊ शकते. ज्याला रोजच्या जगण्यात कधी त्रास झाला नाही, अशा सौम्य रुग्णाची दाढ काढली की मग तिसऱ्या दिवशी रात्री उशी लाल होते. अमिरातीत २०२५ च्या जानेवारीपासून विवाहेच्छुक नागरिकांना जनुकीय तपासणी सक्तीची झाली आहे, आणि ती मोठी मजल आहे. नात्यात लग्न होण्याची प्रथा असलेल्या समाजात सातव्या किंवा तेराव्या घटकाच्या उणिवेसारखे आईवडील दोघांकडून येणारे विकार अधिक आढळतात, त्यांना यामुळे आळा बसेल. पण नागरिक नसलेली बहुसंख्य जनता त्या कक्षेबाहेर आहे, आणि नव्याने उपजणारा दोष लग्नाआधी कुणालाच दिसत नाही. म्हणून सर्जनने पाच मिनिटं बसून विचारलेले प्रश्न कोणत्याही यंत्राने बाद होत नाहीत : आधी दात काढला तेव्हा काय झालं, बाळंतपणात किती रक्त गेलं, विनाकारण काळे-निळे डाग येतात का. यात बायकांनाही विचारायचं असतं. दोष वाहून नेणाऱ्या काही स्त्रियांची पातळी इतकी कमी असते की त्यांनाही सौम्य हिमोफिलियाच असतो. गरोदरपणात आठवा घटक आपोआप वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो. म्हणून त्यांच्या बाबतीतही धोक्याचे दिवस घरी गेल्यावरचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आता नवी औषधं आली, फॅक्टरची ही सगळी कसरत जुनी झाली. नव्या औषधांनी रुग्णांचं जगणं बदललं, यात शंका नाही. पण शस्त्रक्रियेची तयारी त्यांनी सोपी केली तशी काही ठिकाणी अवघडही केली. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के जणांच्या शरीरात, बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. डॉक्टरी भाषेत त्यांना इनहिबिटर म्हणतात. अशा रुग्णाला फॅक्टर कितीही दिला तरी तो वाया जातो. एके काळी त्यांचं ऑपरेशन करायला कुणी धजत नसे. १९८८ मध्ये स्वीडनमध्ये उल्ला हेडनर यांच्या संशोधनातून आलेला, प्रयोगशाळेत बनवलेला सक्रिय सातवा घटक वापरून अशा एका रुग्णाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि बंद दार उघडलं. हे औषध सुरुवातीला दर दोन तासांनी द्यावं लागतं, म्हणजे एक रात्र चुकवून चालत नाही. इनहिबिटरची तपासणी ऑपरेशनआधी अगदी अलीकडे झालेली हवी. ती राहिली तर आठव्या घटकाचे डोस जात राहतात, पातळी हलत नाही, आणि हे उमगतं तेव्हा पोट उघडलेलं असतं.

एमिसिझुमॅब हे कातडीखाली टोचायचं औषध आठव्या घटकाचं काम वेगळ्या मार्गाने करून देतं, आणि अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाल्यापासून अनेक देशांत ते पसरलं आहे. ते चालू असताना रोजचे रक्तस्राव खूपच कमी होतात, आणि छोटी ऑपरेशनं काही वेळा जादा फॅक्टरविना पार पडतात. पण मोठ्या शस्त्रक्रियेला ते एकटं पुरेलच असं नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की ते शरीरात असताना एपीटीटी अगदी सामान्य दिसतं, आणि आठव्या घटकाची नेहमीची चाचणी खोटा, फुगलेला आकडा दाखवते. अनोळखी रुग्णालयातला भूलतज्ज्ञ तो रिपोर्ट पाहून ‘रक्त छान गोठतंय’ असं म्हणेल, आणि त्याची चूकही म्हणता येणार नाही. खरी पातळी कळायला गायीच्या प्रथिनांवर आधारलेली क्रोमोजेनिक चाचणी लागते, आणि ती सरसकट प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. शिवाय इनहिबिटरसाठी वापरलं जाणारं एपीसीसी हे औषध एमिसिझुमॅबबरोबर मोठ्या प्रमाणात दिलं, तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन जिवाला धोका होतो. म्हणजे नव्या औषधाने ‘रुग्ण काय घेतो आहे’ ही माहिती पूर्वीपेक्षा अधिक मोलाची केली.

तिसरा आक्षेप खर्चाचा. वर सांगितलेल्या आराखड्याने ७० किलोच्या माणसाचा गुडघा बदलायचा तर फॅक्टरची बेरीज सहज तीस-चाळीस हजार युनिटच्या वर जाते. दुबईत २०१३ च्या कायद्याने विमा सक्तीचा झाला, पण कमी पगाराच्या कामगारांसाठी असलेल्या किमान योजनेची वार्षिक मर्यादा १,५०,००० दिरहम आहे; एका मोठ्या ऑपरेशनपुढे ती तोकडी पडू शकते. मग एवढं औषध लागतंच का? या प्रश्नाचं भक्कम उत्तर भारतातून आलं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९९८ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला : बरंच कमी फॅक्टर, ठरावीक अंतराने, बारकाईने लक्ष ठेवून दिलं, तर मोठ्या शस्त्रक्रियाही सुखरूप होतात. आज जागतिक तत्त्वांमध्येही कमी साधनांच्या देशांसाठी वेगळा रकाना आहे, ज्यात पहिल्या तीन दिवसांसाठी ३० ते ४० टक्के आणि दुसऱ्या आठवड्यात १० ते २० टक्के पातळी दिली आहे. मात्र औषध जितकं कमी, तितकी नजर अधिक जागती ठेवावी लागते. उलट टोकालाही शहाणपण नाही. पातळी दिवसेंदिवस गरजेपेक्षा वर ठेवली तर हिमोफिलियाच्या रुग्णालाही पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. म्हणजे ‘भरपूर देऊन टाका’ ही श्रीमंत देशातली सवय आणि ‘टाका कोरडा आहे, आता बंद करा’ ही गरीब देशातली सक्ती, दोन्हींवर उतारा एकच : रोजची पातळी आणि तिच्याकडे पाहणारा माणूस.

खर्च कमी करणारी जोडीची औषधं जुनी, स्वस्त आणि विश्वासाची आहेत. जपानच्या उताको ओकामोतो यांनी साठच्या दशकात शोधलेलं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल तयार झालेलं फायब्रिन लवकर विरघळू देत नाही. दात काढल्यावर आठवडाभर त्याच्या गोळ्या घेतल्या आणि त्याच्याच पाण्याने चुळा भरल्या, तर फॅक्टर पुष्कळ वाचतो. १९७७ साली इटलीत मानुच्ची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डेस्मोप्रेसिन दिल्यावर सौम्य रुग्णाचं शरीर स्वतःच साठवलेला आठवा घटक रक्तात सोडतं. पण दंतवैद्यालाही एक गोष्ट आधीच माहीत असावी लागते : खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या भागात दिलं जाणारं भुलीचं इंजेक्शन फॅक्टरशिवाय देऊ नये, तिथला रक्तस्राव घशापर्यंत पसरून श्वास कोंडू शकतो. घरच्यांनीही एक पथ्य पाळायचं. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात गावाहून आणलेल्या औषधांचा एक डबा असतो. त्यातलं अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक किंवा ब्रुफेन, आणि ब्रुफेनच दडलेली कॉम्बिफ्लॅम, या गोळ्या प्लेटलेटचं कामही बिघडवतात. धड असलेला एकच गडी त्यांनी आडवा होतो. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, आणि पुढचं डॉक्टरांना विचारून.

आता पुन्हा माहितीकडे. अबू धाबीत मलाफ्फी, दुबईत नाबिध आणि उत्तरेकडच्या अमिरातींसाठी रियायती अशा संगणकीय आरोग्यनोंदींच्या व्यवस्था उभ्या आहेत. एका रुग्णालयातला रिपोर्ट दुसऱ्या रुग्णालयाला दिसावा, ही त्यांची कल्पना उत्तमच आहे. पण मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या रक्तशास्त्र संस्थेत झालेलं जनुकीय निदान, किंवा सांगली-नाशिकच्या डॉक्टरांनी लिहिलेली जुनी इनहिबिटरची नोंद त्या पडद्यावर आपोआप येत नाही. ती आणायची जबाबदारी आज तरी कुटुंबावर आहे. एका पानावर हे मावतं : आजाराचा प्रकार, मूळ पातळी, इनहिबिटर कधी सापडला होता का आणि शेवटची तपासणी कधी, वजन, चालू औषध आणि शेवटच्या डोसची वेळ, आधीच्या ऑपरेशनचा अनुभव, उपचार करणाऱ्या केंद्राचा फोन. यावर कुणी म्हणेल की तातडीच्या वेळी कागद कोण वाचतो? तातडीच्या वेळीच तो सगळ्यात जास्त कामाचा. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या उजव्या ओटीपोटात एकाएकी दुखू लागलं, पाय सरळ होईना, तर ते अपेंडिक्सही असेल किंवा कमरेच्या आतल्या स्नायूत साचलेलं रक्तही असेल. दोन्हींची लक्षणं हुबेहूब. कागद नसेल तर सर्जन अपेंडिक्स समजून पोट उघडेल. कागद असेल तर आधी फॅक्टर जाईल, मग स्कॅन होईल, आणि कदाचित सुरी लागणारही नाही. डोक्याला मार लागला तरी नियम तोच : फॅक्टर आधी, तपासण्या मागाहून.

‘मग मोठं ऑपरेशन भारतात येऊनच करावं,’ असं अनेक कुटुंबांना वाटतं. जिथलं केंद्र रुग्णाला वर्षानुवर्षं ओळखतं आणि खर्च झेपतो, तिथे करण्यात गैर काही नाही. माझा आग्रह फक्त एवढाच, की ऑपरेशन आणि पुढचा पंधरवडा एकाच ठिकाणी असावा. पाचव्या दिवशी विमानात बसून दुबईला कामावर रुजू होणं म्हणजे सातव्या ते चौदाव्या दिवसाची जबाबदारी कुणाकडेच नसणं. प्रवास करावाच लागला तर औषध हातातल्या थंड पेटीत ठेवावं. फॅक्टर साधारण २ ते ८ अंशांत जपायचा असतो, तो गोठलेलाही चालत नाही. आणि अमिरातीच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जात असताना बंद गाडीत राहिलेली कुपी भरवशाची उरत नाही. औषध चांगलं, डोस बरोबर, आणि तरी रक्त थांबत नाही, अशा कोड्याचं उत्तर कधी कधी गाडीच्या डिकीत असतं.

या सगळ्याचा अर्थ ऑपरेशन टाळावं असा मुळीच नाही. ते टाळून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या पिढ्यांनी किंमत मोजली आहे : वाकडे झालेले गुडघे, काढायच्या राहिलेल्या दाढा, पुढे ढकलत नेलेला हर्निया. आज हे भोगण्याचं कारण उरलेलं नाही. सर्जनचं कौशल्य, औषधाची उपलब्धता आणि विम्याचा आधार अमिरातीत कमी-अधिक प्रमाणात आहेच. म्हणून ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर कुटुंबाने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे : इनहिबिटरची तपासणी कधीची आहे, चौदा दिवसांचा साठा कुठे आहे, पातळी कोण आणि किती वेळा तपासणार, आणि मी घरी गेल्यावर रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा. चारही उत्तरं लेखी मिळाली तर तारीख पक्की करावी. एक जरी अडलं, आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर ती एक आठवडा पुढे ढकलण्यात काहीच बिघडत नाही.